युरोपला वळण कसं लावावं

युरोप म्हणजे नीट चालवता न आलेली अमेरिका, एवढं मनाशी पक्कं करूनच अमेरिकेहून विमानात बसा. बाकीचं आपोआप जमतं.

घरचा १८७५ वॉटचा हेअर ड्रायर बॅगेत टाका, सोबत एक स्वस्तातला प्लग अडॅप्टर. फोनच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, ड्रायरवर नुसतं १२५; पण ती मुंगीची अक्षरं वाचायला का तुम्ही सुट्टी काढलीत? अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. १२० व्होल्टच्या कॉइलला २३० मिळाले की करंट जवळजवळ दुप्पट आणि वॉटेज साडेतीनपटीच्याही वर. आधी कॉइल लालभडक, मग जळका वास, मग खोलीभर अंधार. अशा वेळी रिसेप्शनवर जाऊन इथलं वायरिंग किती जुनाट आहे ते ठणकावून सांगावं.

खाली जाताना लिफ्टमध्ये १ दाबा. दार उघडेल ते भलत्यांच्याच खोल्यांसमोर, कारण अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, इथे मात्र पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो. (न्यू जर्सीत मुरलेल्या मराठी मंडळींनाही हे लागू. पुण्यातला तळमजला ती केव्हाच विसरली.)

इटलीत, फ्लोरेन्समध्ये, भरपेट जेवणावर कापुचिनो मागवा, म्हणजे तिथे सकाळीच पितात ती दुधाच्या फेसाची कॉफी. वेटर आणून देईल, फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. कॉफी उभ्याने काउंटरवर स्वस्त आणि टेबलावर महाग असते, म्हणून बसूनच प्या आणि बिल पाहून भडका. बिलात कोपेर्तो म्हणून, म्हणजे नुसतं टेबलाशी बसल्याबद्दल, माणशी दोन-तीन युरो लावलेले असतात. त्यावर आणखी वीस टक्के टिप ठेवा. पॅरिसमध्येही ठेवा, तिथे मेन्यूतल्या किमतीत सेवा आधीच धरलेली असली तरी. जर्मनीत मात्र उलटं करा. तिथे साडेसत्तावीसचं बिल देताना टिप धरून 'तीस' म्हणतात की विषय संपला. तुम्ही सुटे मोजून घ्या, खिशात टाका, मग पाकीट पुन्हा काढून नाणी टेबलावर मांडा. आणि कुठेही गेलात तरी बिल आपणहून येण्याची वाट पाहा. न मागता बिल पुढ्यात आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवणं, असं तिथले वेटर मानतात, तेव्हा संध्याकाळ मोठी जाईल.

खरी करमणूक रेल्वेत. इटलीतल्या रेजिओनाले, म्हणजे जवळपासच्या गावांच्या, गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. पैसे भरलेत ना? मग कशाला छापायचं! न छापलेलं तिकीट पुन्हाही वापरता येईल, हे तपासनीसाला ठाऊक असतं, म्हणूनच तो दंड मागतो. बर्लिनच्या मेट्रोत तर फाटकच नाही. त्याअर्थी ती फुकट असणार. साध्या कपड्यातला माणूस येऊन ६० युरो मागू लागला की आवाज चढवून इंग्रजीत 'टुरिस्ट' म्हणा. पावती तशीही मिळतेच.

म्युनिकला शनिवारी रात्री उशिरा, रिकाम्या पोटी पोहोचा. रविवारी सुपरमार्केटं कायद्यानेच बंद. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या कचऱ्यात फेका, प्रत्येकीमागे भरलेल्या २५ सेंट अनामतीसकट. मग पायपीट करत मुख्य स्टेशनावरचं उघडं दुकान गाठा. रांगेत पुढे-मागे सगळे आपले अमेरिकेहून आलेलेच भेटतील, आणि दुकानं बंद ठेवणाऱ्या या देशाचं कसं होणार यावर गप्पाही छान रंगतील.