पुढे रस्ता नाही

उपनगरात सायकल चालवण्याजोगा रस्ताच नाही, हे माझं ठाम मत होतं. आणि ते सायकल न चालवताच झालेलं असल्यामुळे चांगलं पक्कं होतं. मग हौसेनं रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, घेतली. टायर जेमतेम २८ मिलिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्याहून थोडासा जाड.

पहिल्या सकाळी हवा भरायला बसलो. हिचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला इवलीशी फिरकी. ती आधी सैल करायची असते. ते ठाऊक नसल्यानं अर्धा तास पंपाशी झटलो, घामानं निथळलो आणि पंप काढताना फिस्स करून होती ती हवाही घालवली. सायकलची चड्डीसुद्धा आणली होती. तिला आतून गादी असते आणि तिच्या आत आणखी काही घालायचं नसतं. मी घातलं होतं. या विषयावर इतकंच.

पहिला आठवडा मुख्य रस्त्यावर काढला. मागून हॉर्न, पुढून धूर, आणि गटारांच्या जाळ्या अशा बसवलेल्या की फटी नेमक्या चाकाच्या दिशेनं. २८ मिलिमीटरचा टायर त्यात अगदी मापानं बसतो, हेही कळलं. त्यात समोरून वारा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते, हे गणित शाळेत पाठ होतं. पोटऱ्यांना ते आत्ता समजलं. शेजारून एक आजोबा जुन्या काळ्या सायकलवर, ताठ बसून, शीळ घालत पुढे गेले. त्यांना वारा लागत नसावा.

आठव्या दिवशी एका डंपरला घाबरून दिसेल त्या गल्लीत घुसलो. दोन वळणं, रांगेनं बंगले, आणि समोर भिंत. तिथेच बसलो धापा टाकत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही गाडी आली नाही. येईल कशाला? रस्ता कुठे जातच नाही!

नीट पाहिलं तर भिंतीला कोपऱ्यात फट होती. मधोमध लोखंडी खांब, माणसापुरती वाट. माझं हँडल ४२ सेंटिमीटर. श्वास रोखून (माझाच, सायकलला पोट नाही) पलीकडे गेलो, तर तशीच दुसरी निवांत गल्ली. मोबाईलच्या नकाशाला ही फट ठाऊक नाही. मग चटकच लागली. गल्लीला गल्ली जोडत अकरा किलोमीटरचा फेरा जमवला. त्यात तेवीस वळणं, चार भिंती आणि पारिजातकाचा सडा पडलेला एक उतार, जिथे पाय थांबवले की मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते. चढाला हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवायचे, दात-ओठ खाऊन रेटायचं नाही, हेही तिथेच शिकलो. सरळ गेलं तर हे सगळं अंतर तीन किलोमीटर भरतं. घरचे आता मला तातडीच्या कामाला पाठवत नाहीत.

पहिल्या भिंतीजवळच्या गॅलरीतले काका रोज ओरडायचे, ‘‘अहो, पुढे रस्ता नाही!’’ मी रोज हात करून फटीतून निघून जायचो. परवा भिंतीपाशी पाणी पीत होतो, तर एक कोरी करकरीत सायकल, कोरं हेल्मेट, घामाघूम चेहरा गल्लीत शिरला.

‘‘इथून पुढे जाता येतं का हो?’’

मी फटीसमोर जरा सरकून उभा राहिलो.

‘‘छे हो,’’ म्हटलं, ‘‘पुढे रस्ता नाही.’’

वर गॅलरीत काका खो-खो हसत होते.