दोन मिनिटं

संध्याकाळपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आज गुरुवार. गुरुवारी आई सदाशिव पेठेत जाते. खुन्या मुरलीधराच्या देवळाजवळ तिची शाळेतली मैत्रीण राहते. दोघी दोन तास बोलत बसतात, मग मंडईतून थोडी भाजी घेऊन आई बसने कोथरूडला परत. तिचं वय 78. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. आज मला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते बरोबर.

येताना आमचा थांबा आला, पण बस थांब्याला लागलीच नाही. लागणार कशी? थांब्यावर एक मोठी पांढरी गाडी उभी होती, पार्किंग लाइट लावून. तिच्या मागे दोन बाइक आणि एक टेम्पो. ड्रायव्हरने बस रस्त्याच्या मधोमध उभी केली आणि लोक तिथेच उतरायला लागले. फूटपाथवर पाय पडणार असता तर पायरी जेमतेम वीतभर. रस्त्यावर उतरायचं म्हणजे चांगलीच खोल. आई दांडा धरून एक पाय खाली सोडत म्हणाली, "थांब गं, टेकत नाहीये." आणि तेवढ्यात बस आणि त्या गाडीच्या मधल्या फटीतून स्कूटर सुरू झाल्या. एकामागून एक. हॉर्न वाजवत. दारात एक म्हातारी बाई पाय लोंबकळत उभी आहे हे दिसत असताना.

कंडक्टर आमच्या मागे होता. पंचविशीचा असेल. पुढच्या दाराने खाली उडी मारून तो त्या फटीत जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. "ओ, आजी उतरतायत!" असा ओरडला की मागच्या सगळ्या स्कूटर थबकल्या. मग आईच्या कोपराला हात देऊन तिला खाली घेतलं, गाडीला वळसा घालून फूटपाथपर्यंत आणून सोडलं, परत धावत चढला आणि डबल बेल दिली. मी त्याला धन्यवादसुद्धा म्हणाले नाही. माझं सगळं लक्ष गाडीवाल्याकडे होतं, कारण तो तेव्हाच आला. हातात मेडिकलची पिशवी. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, दोनच मिनिटं लावली होती."

दोन मिनिटं.

बसमध्ये पन्नास-साठ माणसं होती. साठ माणसांची दोन-दोन मिनिटं म्हणजे दोन तास होतात. शिवाय बसमागे अडकलेले सगळे. हे दोन तास कोणाच्या खात्यावर लिहायचे? कोणाच्याच नाही. आपल्या शहरात गाडी उभी करणाऱ्याची दोन मिनिटं मोजली जातात, बसमध्ये बसलेल्याचा वेळ मोजायची पद्धतच नाही.

तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात. टेकड्या वाचवायच्या म्हटलं की आपण सह्या करतो, वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नको म्हणून 2023 मध्ये चाललोही होतो. म्हणून विचारते. तो रस्ता कोणासाठी मागितला जातो? ज्या गाड्या आपल्याच पार्किंगमध्ये उभ्या आहेत, त्यांच्यासाठीच ना? आमच्याकडेही आहे एक. मी तिला नाकारत नाही.

हे शहर गाड्यांसाठी काय काय करतं ते बघा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो? गर्दी सुटणार म्हणून बांधला होता. 2020 च्या जुलैमध्ये, लोक घरात कोंडलेले असताना, पाडला, कारण मेट्रोच्या आड येत होता. आणि आता त्याच जागी मेट्रोबरोबर पुन्हा पूल, आधीपेक्षा मोठा. नळ स्टॉपला मेट्रोच्या खाली आणखी एक पूल. सिंहगड रस्त्यावर पुलांची रांग. पुलासाठी पैसा मिळतो, जागा मिळते, रात्रीतून रस्ते बंद करता येतात. बसथांब्यावरची एक गाडी हलवायला मात्र कोणी मिळत नाही.

बीआरटीचं, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचं, नाव काढलं की आमच्याकडे लोक हसतात. मला अजिबात हसू येत नाही. डिसेंबर 2006 मध्ये स्वारगेट, कात्रज, हडपसर मार्गावर सुरू झालेली बीआरटी ही देशातली पहिली. आपल्यानंतर तीन वर्षांनी, 2009 मध्ये, अहमदाबादने सुरू केली आणि बाहेरची माणसं ती बघायला जाऊ लागली. आपण काय केलं? मार्गिकेत स्कूटर घातल्या, रिक्षा घातल्या, मग म्हणालो की बीआरटी पुण्यात चालत नाही. नगर रस्त्यावर तर उभे केलेले थांबे पाडून ती जागा गाड्यांना दिली. चूक आखणीतही होती, मान्य. काही ठिकाणी रस्त्याच्या मधल्या थांब्यापर्यंत पोचणं हाच जिवाशी खेळ होता. पण तक्रार काय ऐकू यायची? "मार्गिका रिकामी पडलेली असते आणि आम्ही इथे अडकलोय." अहो, बसची मार्गिका रिकामी दिसते कारण बस तिथून निघून गेलेली असते! गाड्यांची भरलेली दिसते कारण तिथलं कोणी हलतच नाही. इतकी साधी गोष्ट समजावण्यात माझी घरातल्या समारंभांतली निम्मी जेवणं थंड झाली आहेत.

"थांब गं, टेकत नाहीये." हे लिहिताना तोच आवाज येतोय कानात.

आईने या शहरात पन्नास वर्षांहून जास्त बसने प्रवास केलाय. पीएमटी होती तेव्हापासून. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण ती अजून पीएमटीच म्हणते. नोकरीला बसने गेली, मला पोटात घेऊन बसने गेली, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला, वडिलांच्या डब्यासाठी हॉस्पिटलात, सगळीकडे बसने. कंडक्टर तिला ओळखायचे. खिडकीची जागा मिळाली की ती पर्समधून छोटी वही काढून महिन्याचा हिशेब लिहायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया बसमध्येच हिशेब लिहितात. तिला स्कूटर शिकवायचा वडिलांनी एकदा प्रयत्न केला होता, ती म्हणाली, मला बाहेर बघत जायला आवडतं.

स्कूटरबद्दल मी वाईट बोलणार नाही. स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेल्या पुण्यातल्या मुलींनी काय मिळवलं ते मला माहीत आहे, मीही त्यातलीच. रात्री उशिरा सुटणाऱ्या बाईला बसची वाट बघत उभी राहा असं मी सांगणार नाही. आणि बस पुरेशा नाहीत, वेळेवर येत नाहीत, हेही खरं. मान्य. पण वेळेवर यायला तिला रस्ता तर मोकळा पाहिजे! आधी तिची वाट अडवायची, मग ती उशिरा आली म्हणून गाडी घ्यायची, मग त्या गाडीने आणखी एका बसची वाट अडवायची. हे चक्र आपण चालवतो आहोत. मी, तुम्ही, मेडिकलची पिशवी घेतलेला तो.

आणि पैशांचं बोलू. 2025 च्या जूनमध्ये पीएमपीचं कमीत कमी तिकीट 5 रुपयांवरून 10 झालं. दिवसाचा पास 40 वरून 70. घरकामाला जाणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, वॉचमन, यांनी चुपचाप भरले. आता रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं भाडं किती आहे सांगा. महापालिकेने 2018 मध्ये पार्किंगचं धोरण आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि तोही झाला नाही. बसने जाणाऱ्याने दुप्पट द्यायचे आणि गाडीने रस्ता फुकट वापरायचा. याला न्याय म्हणायचं असेल तर मला न्याय या शब्दाचा अर्थ पुन्हा शिकावा लागेल.

आईचं माहेर पेठेतल्या वाड्यात होतं. दोन खोल्या, सात माणसं. एक खोली 10 बाय 12 फुटांची. म्हणजे 120 चौरस फूट. एक गाडी उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. करा हिशेब, 130 चौरस फुटांच्या वर जातं. ज्या खोलीत माझी आई आणि तिची भावंडं जेवली, झोपली, अभ्यास करून मॅट्रिक झाली, त्याहून जास्त जागा आपण एका रिकाम्या उभ्या गाडीला देतो. दिवसातले वीस-बावीस तास ती नुसती उभी असते. सोसायटीच्या मीटिंगा याच जागेवरून होतात, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाहीत याच जागेवरून. आणि लग्नाच्या बोलण्यात अजून विचारतात, मुलाकडे गाडी आहे ना? पास आहे का, असं कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

मध्ये उठून चहा केला. आईलाही दिला. थोडं शांत वाटतंय.

कोणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच, मेट्रो आहे की आता. आहे, आणि मला तिचा आनंद आहे. नळ स्टॉपवरून बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायचं, मंडईला उतरायचं. गणपतीत आम्ही तसेच गेलो होतो, आई मंडई स्टेशनात सरकत्या जिन्यावर लहान मुलासारखी हसत होती. पण घरापासून नळ स्टॉपपर्यंत कशाने जायचं? तिथेही बसच लागते. आणि बसला थांबा लागतो. आणि थांब्याला दोन मिनिटं लागतात.

त्या माणसावर मी फार चिडले होते. आत्ता वाटतंय, घरी कोणी आजारी असेल. औषध घ्यायला कोणी हौसेने जात नाही. त्याला थोडं पुढे जागा मिळाली नसेल. पण ती जागा त्याच्यासारख्याच दुसऱ्या गाड्यांनी अडवलेली होती, बसने नाही. आणि त्याच्या घरच्या आजारी माणसासाठी माझ्या आईने पाय मोडून घ्यावा असं तर त्यालाही वाटत नसेल. तो वाईट नाही. त्याने आमच्याकडे बघितलं नाही एवढंच. त्याला बघायची सवय कोणी लावलीच नाही. रस्ता गाडीचा आणि बाकीचे मधे आलेले, हे तो लहानपणापासून बघतोय. माझी मुलंही तेच बघत मोठी झाली, आमच्या गाडीच्या मागच्या सीटवरून.

हे लिहायला मला त्याने प्रवृत्त केलं असं तुम्हाला वाटत असेल. तो नाही. घरी आल्यावर आई खुर्चीत बसली, भाजीची पिशवी मांडीवरच होती, आणि म्हणाली, "माझ्यामुळे सगळी बस खोळंबली गं. लोकांना उशीर झाला."

तिच्यामुळे!

मी ओरडलेच. आई, तुझ्यामुळे नाही, त्या गाडीमुळे. ती म्हणाली, "गाडी तर उभीच होती. हळूहळू मीच उतरत होते." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "यापुढे रिक्षाने जात जाईन. नाहीतर तिलाच बोलावू इकडे."

पन्नास वर्षं खिडकीतून शहर बघत गेलेली बाई आज एका थांब्यावर हरून घरी आली. आणि या शहरात तिच्या पाठीशी काय होतं, तर तो एक मुलगा, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवलेला, दोन हात पसरून उभा राहिलेला. त्याला दिवसातून असं किती वेळा उतरावं लागत असेल? हे त्याचं कामच नाही. ज्यांचं काम आहे त्यांनी थांब्यापुढची ती पिवळी रेघ निदान पुन्हा रंगवून द्यावी, तिच्यावर उभ्या राहिलेल्या गाड्या उचलाव्यात. रोज उचलाव्यात, मोहीम काढून आठवडाभर नव्हे. माझी उभी दिसली तर माझीही उचला.

मी पुढच्या गुरुवारी त्या वेळेला त्याच बसमध्ये असेन. तो कंडक्टर भेटला तर आधी त्याचे आभार मानायचे आहेत.

आईचा मासिक पास सोमवारी संपतोय. आत्ता चहाचा कप न्यायला गेले तेव्हा तिला विचारलं, काढायचा का पुन्हा? तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"तू येणार असशील दर गुरुवारी, तर काढ."

सोमवारी दोन पास काढणार आहे.