ग्रिलला करंट सोडण्याचा सल्ला आणि वायरलेस अलार्मविषयीचा तो मेसेज

पंधरा दिवसांपूर्वी सांगलीहून मावशीचा फोन आला आणि तिने वायरमनचा नंबर मागितला. ती एकाहत्तर वर्षांची आहे, बैठ्या घरात एकटी राहते आणि मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून तिला रात्री नीट झोप लागत नाही, म्हणून तिच्या मुलाने वायरलेस अलार्मचे किट मागवून दिले होते. वायरमन कशाला हवा, असे विचारल्यावर ती म्हणाली, "अरे, ग्रिलला करंट जोडायचाय. अलार्म वाजला की आपोआप सुरू होतो म्हणे. त्या मेसेजमध्ये सगळं लिहिलंय." तिने तो मेसेज मला पाठवला, तेव्हा लक्षात आले की हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या गटांत आधीच येऊन गेला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. तसे करायला नको होते.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत. किट दहा मिनिटांत कुणालाही बसवता येते, सेन्सर दुहेरी टेपने कुठेही चिकटवावा आणि त्याचे तोंड खिडकीकडे करावे म्हणजे चोर अंगणातच पकडला जातो, हा पहिला. मुख्य पॅनेल, म्हणजे सेन्सरचे संदेश घेऊन सायरन वाजवणारा आणि फोन लावणारा डबा, दाराशी लावावे, हा दुसरा. त्यात फोनसाठी कोणतेही सिम चालते आणि एकदा घातले की पुन्हा पाहावे लागत नाही, हा तिसरा. पॅनेलमध्ये ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर भरून ठेवला की पोलीस आपोआप येतात, हा चौथा. सायरनच्या वायरवर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, बसवून खिडकीच्या ग्रिलला करंट सोडावा आणि स्वतःच्या घरात कायद्याने तशी मुभा आहे, हा पाचवा. तारच नसल्यामुळे ही यंत्रणा चोराला बंद पाडता येत नाही, हा सहावा. आणि अलार्म असल्यावर जादा कुलपे, अडसर यांची गरज उरत नाही, हा सातवा.

पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांत पैसे वाया जातील, इथे माणूस जाईल. सायरनसाठी पॅनेलमधून १२ व्होल्टच्या ज्या दोन वायरी बाहेर येतात त्या रिलेला द्यायच्या आणि रिलेमार्फत घरातली २३० व्होल्टची फेज थेट ग्रिलवर सोडायची, अशी ती जोडणी आहे. हे सुचवणाऱ्याने अलार्म वाजल्यावर घरातला माणूस काय करतो याचा विचारच केलेला नाही. रात्री दोन वाजता सायरन वाजला की मावशी उठेल, दिवा लावेल आणि बाहेर काय आहे ते पाहायला खिडकीशी जाऊन ग्रिलला हात लावेल. शेजारचे धावत आले तर तेही अंगणातून ग्रिलच धरून तिला हाका मारतील. चोर तोपर्यंत पळालेला असेल आणि करंट मात्र मदतीला आलेल्यांसाठी चालू असेल.

शिवाय अलार्म चोरामुळेच वाजतो असे नाही. मावशीच्या घरी किट लावल्यानंतर पहिल्या चार रात्रींत तो तीनदा वाजला. मी गेलो तेव्हा माजघरातला सेन्सर ट्यूबलाइटच्या शेजारी लावलेला होता आणि त्याच्या पांढऱ्या भिंगावर एक पाल निवांत बसलेली होती, कारण दिव्यापाशी चिलटे येतात आणि चिलटांमागे पाल येते. भिंगाला इतक्या जवळून चिकटलेली पाल हलली की सेन्सरच्या लेखी समोरचे चित्रच बदलते. म्हणजे त्या मेसेजप्रमाणे जोडणी झाली असती तर चार रात्रींत तीन वेळा, पालीच्या हालचालीवर, ग्रिलमध्ये २३० व्होल्ट उतरले असते. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. घरातला ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरवर ट्रिप व्हावा अशी व्यवस्था असते, कारण त्यापुढचा प्रवाह काही क्षण टिकला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात ईएलसीबी असेल तर पावसात भिंत ओली होताच तो ट्रिप होऊन ऐन वेळी घर अंधारात जाईल, आणि नसेल, जसा जुन्या घरांत बहुधा नसतो, तर जे व्हायचे ते होईल. शेताच्या कुंपणाला लावतात त्या झटका मशीनचे उदाहरण इथे लागू पडत नाही. ते यंत्र अत्यंत अल्पकाळाचा, मर्यादित ऊर्जेचा झटका थांबून थांबून देते. थेट लाइनवरचा करंट सोडल्याने काय होते, हे रानडुकरांसाठी लावलेल्या तारांना चिकटून माणसे दगावल्याच्या विदर्भातल्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आता कायद्याची मुभा. यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, मालमत्तेच्या खासगी संरक्षणाचा हक्क आहे आणि रात्रीच्या घरफोडीसारख्या काही गुन्ह्यांत तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. मात्र तो हक्क समोर चालू असलेल्या गुन्ह्याविरुद्ध आणि गरजेपुरत्याच बळाचा आहे. ग्रिलला हात लावणारा चोर आहे, दूधवाला आहे की चेंडू आणायला आलेले पोर आहे, हे तारेला कळत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९६३ सालीच निकाली निघाला आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यातल्या आरोपीच्या शेजारी राहणाऱ्या बाईच्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून ती आणि इतर काही जण आरोपीचे शौचालय वापरू लागले. त्याने तोंडी मनाई केली, ती कुणी मानली नाही, तेव्हा त्याने शौचालयाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात घरातला करंट सोडला. ती बाई आत जाताना तारेला लागली नाही. बाहेर येताना तिचा हात लागला आणि ती मेली. जागा माझी, ती विनापरवानगी शिरली, तेव्हा तिच्याबाबत माझे काही कर्तव्य नव्हते, हा आरोपीचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. विनापरवानगी शिरलेला माणूस म्हणजे ज्याला कुणीही मारावे असा कायद्याबाहेरचा प्राणी नव्हे, जागेच्या मालकाला जी इजा स्वतःच्या हाताने करता येत नाही ती सापळा लावूनही करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. शिक्षा झाली ती हयगयीने मृत्यू घडवल्याच्या कलम ३०४-अ खाली. त्या गुन्ह्याला तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. 'कायद्याने मुभा आहे' असे लिहून पुढे ढकलणाऱ्याने हा निकाल वाचावा. तो छोटा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो.

पहिल्या मुद्द्याकडे येतो. तार ओढायची नसल्यामुळे भिंत फोडावी लागत नाही आणि थोडे वाचून घरच्या माणसाला किट बसवता येते, हे खरे आहे. मीच मावशीकडे ते पुन्हा बसवले. पण त्याला दहा मिनिटे नव्हे, अख्खी दुपार आणि संध्याकाळ लागली, कारण काम चिकटवण्याचे नसून जागा ठरवण्याचे आहे. हालचाल ओळखणारा सेन्सर, ज्याला पीआयआर म्हणतात, स्वतः काही सोडत नाही. अंगातून निघणारी उष्णतेची अवरक्त किरणे त्याच्या भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की तो जागा होतो. ही किरणे साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ पार होत नाहीत. त्यामुळे खिडकीकडे तोंड करून लावलेल्या सेन्सरला बंद काचेपलीकडच्या अंगणातला चोर दिसणार नाही, उलट काचेतून येणारे ऊन आणि वाऱ्याने हलणारा तापलेला पडदा मात्र त्याला फसवेल. त्याची योग्य जागा म्हणजे खोलीचा कोपरा, जमिनीपासून सात फुटांच्या आसपास, खिडकीकडे पाठ किंवा बाजू, आणि चोराची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशी दिशा, कारण थेट अंगावर चालून येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ जाते तेव्हा त्याची नजर मंदावते, म्हणून उन्हाळ्यात चाचणी पुन्हा घ्यावी लागते. आणि दुहेरी टेप चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर पहिल्या पावसाळ्यात सुटते. स्क्रू आणि गिट्टी वापरावी.

दारावरच्या सेन्सरचेही तसेच. त्यात एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आहे का ते ओळखणारा स्विच, असतो आणि दोघांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरहून जास्त फट राहिली तर बरेचसे सेन्सर दार उघडे आहे असेच समजतात. मावशीचे सागवानी दार पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. चुंबक लोखंडी सेफ्टी डोअरवर थेट लावला तर त्याचे बळही लोखंडात जाते, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून तो बसवला.

सिमच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त चीड आली, कारण यात घरच्याला खोटा भरवसा मिळतो. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त पॅनेलमध्ये फोन लावणारा भाग जुन्या, २जी जाळ्यावरच चालणारा असतो. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच ४जीवर, त्यात २जी नाहीच, म्हणजे अशा पॅनेलमध्ये ते सिम घातले तर फोन कधीच लागणार नाही. २जी चालू असलेल्या कंपनीचे सिम घ्यावे किंवा ४जी पॅनेल घ्यावे. दुसरी गोष्ट रिचार्जची. मावशीच्या पॅनेलमध्ये सिम होते, दिवाही लुकलुकत होता, पण रिचार्जची मुदत आठ दिवसांपूर्वी संपलेली होती आणि ते तिला कळवणारा एसएमएस त्या पॅनेलमध्येच पडून होता. तो कोण वाचणार? ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएससाठी वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. अलार्मच्या सिमसाठी तेच घ्यावे आणि संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी.

पॅनेलमध्ये ११२ भरू नये. यंत्र फोन लावते आणि रेकॉर्ड केलेला काही सेकंदांचा आवाज ऐकवते. पलीकडचा कर्मचारी पत्ता विचारतो, काय घडले ते विचारतो, आणि त्याला उत्तर देणारे कुणी नसते. पाल फिरली म्हणून लागलेला असा प्रत्येक फोन खऱ्या संकटातल्या कुणाची तरी वेळ खातो. मावशीच्या पॅनेलमध्ये आता पहिला नंबर समोरच्या घरातल्या काकांचा आहे, दुसरा मुलाचा, तिसरा माझा. ११२ ला फोन माणसाने, पाहून करायचा आहे. काकांचा नंबर पहिला असण्याचे आणखी एक कारण आहे. घरफोडी करणारे शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून ठेवतात, हे आपण बातम्यांत नेहमी वाचतो. सायरन ऐकून काकांना बाहेर पडता आले नाही तरी त्यांच्या हातात फोन असेल.

उरलेले मुद्दे थोडक्यात. पॅनेल दाराशी लावले तर दार उघडल्यावर कोड टाकून अलार्म थांबवायला घरच्यांना जी तीस सेकंदांची सवलत असते तेवढ्यात चोर ते भिंतीवरून उपटून फोडेल. ते आतल्या खोलीत असावे आणि सायरन वेगळा, बाहेर उंचावर असावा. कारखान्यातून येणारा १२३४ सारखा कोड पहिल्याच दिवशी बदलावा. वायरलेस यंत्रणा बंद पाडता येत नाही हे खोटे आहे. स्वस्त सेन्सर दर वेळी तोच ठरलेला कोड पाठवतात, आणि असा संदेश टिपून तोच पुन्हा पाठवता येतो, त्या लहरींत गोंगाट सोडून संदेश दाबताही येतो. आपल्याकडचा चोर बहुधा कटावणी घेऊन येतो, रेडिओ घेऊन नव्हे, हे मान्य. पण अशा सेन्सरची बॅटरी संपली तर पॅनेलला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि ही अडचण रोजची आहे. जे सेन्सर ठरावीक वेळाने 'मी चालू आहे' असे कळवतात ते थोडे महाग असले तरी घ्यावेत. वायफायवर चालणारा अलार्म असेल तर वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो, त्याला छोटा यूपीएस लागतो.

अलार्मची पाटी आणि बाहेर दिसणारा सायरन पाहून काही चोर पुढचे घर धरतात, यात तथ्य आहे. पण म्हणून अडसर काढायचा, हे कसे? दारावरचा सेन्सर दार उघडल्यावर वाजतो, म्हणजे कडीकोयंडा तुटून झाल्यावर. तो तुटायला जितका वेळ लागेल तितका वेळ कुणीतरी जागे व्हायला मिळतो. मावशीने अडसर माळ्यावर टाकला होता, तो उतरवून पुन्हा दाराला लावला.

परतताना तिच्याच गल्लीत, वळणावरच्या घराच्या मागच्या ग्रिलला मला एक काळी वायर बांधलेली दिसली. तिचे टोक खिडकीतून आत गेले होते. त्या गृहस्थांना भेटलो, मेसेज त्यांच्याकडेही होता. त्यांना निकालाची छापील प्रत दिली, पालीची हकिगत सांगितली, आणि ते 'बघतो' म्हणाले. मावशीने काल फोनवर सांगितले की वायर अजून तिथेच आहे आणि त्या ग्रिलखाली दुपारी मुले क्रिकेट खेळतात. रविवारी पुन्हा जाणार आहे, आणि तेव्हाही वायर निघालेली नसेल तर तिथूनच महावितरणच्या शाखा कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवणार आहे.