जांभळ्या रंगापेक्षा आंबट चव जपा

अमेरिकेत वाढलेल्या फिलिपिनो मुलांसाठी गेली काही वर्षं आनंदाची आहेत, हे आधी सांगते. २०२२ मध्ये शिकागोच्या ‘कासामा’ला मिशेलिन स्टार हा रेस्टॉरंटांसाठीचा मोठा मान मिळाला, फिलिपिनो रेस्टॉरंटला मिळालेला तो पहिलाच. ज्या जेवणाच्या वासावरून शाळेत डबा झाकून खावा लागायचा, त्याच्यासाठी आता रांगा लागतात. पण या मुलांची ‘ओळख’ म्हणून जे मिरवलं जातं, ते बहुतेक वेळा उबे हा जांभळा कंद असतो. उबे लाटे, उबे डोनट, उबे चीजकेक. माझं मत स्पष्ट आहे: ओळख टिकवायची तर उबेच्या आधी सिनिगांग, म्हणजे फिलिपिनो घरातला आंबट रस्सा, शिका.

उबे म्हणजे आपलं कोनफळ. जांभळं रताळं वेगळं, तरी पुष्कळ ठिकाणी तेच उबे म्हणून खपतं. खऱ्या उबेचा हलाया, म्हणजे घोटून केलेला गोड पदार्थ, करायचा तर उकडून किसलेलं अर्धा किलो कोनफळ, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, नारळाचं दूध आणि लोणी मंद आचेवर पाऊण तास घोटावं लागतं. हात थांबला की बुडाला लागतं, आणि करपलेला वास मग काही केल्या जात नाही. एवढं करून रंग मळकट जांभळाच येतो. कॅफेतला झगझगीत रंग बहुतेक इसेन्सच्या बाटलीतला असतो. बाटलीतले चार थेंब कुणीही घालू शकतं, त्यासाठी घरातल्या कुणाकडून काही शिकावं लागत नाही.

सिनिगांगचं तसं नाही. आंबटपणाला टागालोग या फिलिपिनो भाषेत ‘आसिम’ म्हणतात, आणि या रश्शाचा जीव त्या आसिममध्ये आहे. एक किलो डुकराच्या बरगड्या, तांदळाच्या दुसऱ्या धुवणाचं दोन लिटर पाणी, कांदा, दोन-तीन टोमॅटो. वर येणारा फेस काढत राहायचा. मांस शिजत आलं की अळकुड्या घालायच्या. त्या थोड्या विरघळल्या की रस्सा अंगाला येतो. अडीचशे ग्रॅम हिरव्या कच्च्या चिंचा वेगळ्या पाण्यात सालं फुटेपर्यंत उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. शेवटी मुळा, चवळीच्या शेंगा, वांगं, लांब हिरवी मिरची, आणि गॅस बंद करताना नाळीची भाजी.

चुकतं ते इथे: चिंच लवकर पडते. आंबटात अळकुड्या मऊ होत नाहीत, अर्धा तास जास्त उकळल्या तरी दाताखाली टचटचीत राहतात. म्हणून त्या बोटाने दाबल्या जाईपर्यंत चिंचेचं पाणी घालायचंच नाही. दुसरी चूक पिकलेल्या चिंचेची, तिने रस्सा काळपट आणि गोडसर होतो. तिसरी पाकिटाची. तयार मसाल्याच्या पाकिटात मीठ आणि सायट्रिक ॲसिड असतं. आधी पातिस, म्हणजे मासळीचं खारं पाणी, घालून वर पाकीट ओतलं की सगळं खारट. पाकीट वापरायला माझी हरकत नाही, दोन पाळ्या करणाऱ्या नर्स आईने दुसरं काय करावं? फक्त पातिस शेवटी, चव बघून घाला. अमेरिकेतल्या फिलिपिनो दुकानांत गोठवलेली कच्ची चिंच मिळते, रविवारी ती वापरा.

आणि आंबट एकच नसतं. कुणाकडे चिंच, कुणाकडे कामियास, म्हणजे आपल्या कोकणातली बिंबलं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या लोकांचं ‘कादियोस, बाबोय, लांगका’ म्हणजे तूर, डुकराचं मांस आणि कच्चा फणस. त्याला आंबट देतं बातुआन, कोकमाच्या कुळातलं फळ. वाचतानाच कोकणातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल. आंबट कशाचं, यावरून घर कुठलं ते कळतं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या मुलीला टागालोग समजत असेल पण बोलता येत नसेल, तरी आपल्या घरात कामियास का आणि बातुआन का नाही, हे तिला ठाऊक असेल तर तिच्याकडे गावाचा पत्ता आहे. जांभळ्या डोनटमधून तो मिळत नाही.

अडचण मापाची. लोलाला, म्हणजे आजीला, विचारा किती घालायचं. ती म्हणणार ‘तांत्सा’, अंदाजाने. त्यावर चिडून नेटवरची कृती उघडू नका. ती स्वयंपाकाला लागायच्या आधी चिंचेच्या पाण्याचं भांडं आणि पातिसची बाटली वजनकाट्यावर ठेवा, ग्रॅम लिहून घ्या. मध्ये बोलू नका, तिला तिच्या हाताने घालू द्या. रस्सा उतरला की दोन्ही पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढा फरक येईल, ते तुमच्या घराचं माप. असं तीनदा करा, कारण दर खेपेला चिंच सारखी आंबट नसते, आणि लोला चिंचेचं पाणी घालण्याआधी ते जिभेवर बघते. ती कुठल्या क्षणी थांबते, तेही लिहून ठेवा.