दमानं घ्या, जावईबापू!

बसल्या जागी माणूस मिनिटाला १२ ते १५ वेळा श्वास घेतो. दिवसाचे झाले वीसेक हजार, आणि त्याबद्दल कुणी सत्कार करत नाही. करण्यासारखं काही नसतंच म्हणा. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली सरकतं, अर्धा लिटर हवा आत येते. ती बाहेर सोडायला तर बोटही हलवावं लागत नाही. ताणलेली फुप्फुसं आपली आपण आवळतात. त्यातही दीडशेक मिलिलिटर हवा नाकाघशात आणि श्वासनलिकेत रेंगाळून, वायुकोशांचं दर्शनही न घेता परत फिरते. एवढ्या ढिल्या कारभारावर माझं उत्तम चाललेलं असतं.

रविवारी सकाळी मात्र पर्वतीच्या पायथ्याशी सासरे उभे असतात.

बाबा पंचाहत्तरीला आले. माकडटोपी, कॅनव्हासचे बूट आणि आठवडाभर साठवलेले प्रश्न. शास्त्र सांगतं की व्यायाम सुरू होताच, रक्तात काहीही बदल व्हायच्या आधी, मेंदू श्वास वाढवून ठेवतो. माझा शनिवारी रात्रीच वाढतो. बायको म्हणते, "बाबांचा फोन होता," तेव्हा.

पायथ्याच्या सपाटीवर बाबा अक्षर बोलत नाहीत. विसाव्या-पंचविसाव्या पायरीला सुरुवात होते.

"काय जावईबापू, होमलोनचं काय ठरलं? फ्लोटिंग की फिक्स्ड?"

हाच प्रश्न सोफ्यावर विचारला असता तर मी रिझर्व्ह बँकेपासून सुरुवात केली असती. पण बोलणं चालतं बाहेर जाणाऱ्या हवेवर. लांब वाक्य म्हणजे लांब उच्छ्वास, आणि चढावर मेंदूला नेमका तोच लवकर उरकून पुढचा श्वास घ्यायचा असतो. त्या ओढाताणीत माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "फ्लो..."

"फ्लोअर? कितवा?" बाबा दोन पायऱ्या पुढून म्हणाले.

एव्हाना माझ्या शरीरात सगळी फौज कामाला लागलेली असते. बरगड्यांमधले स्नायू, मानेचे स्नायू, आणि आपोआप होणारा उच्छ्वास आता जोर लावून ढकलायला पोटाचे स्नायूसुद्धा, म्हणजे माझ्याकडे जे काही शिल्लक आहेत ते. बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर हवा पुरते, जिवाच्या आकांताने पळताना धडधाकट माणूस शंभर लिटरपर्यंत जातो, कसलेले खेळाडू दीडशेच्याही पुढे. नाक केव्हाच हात टेकतं आणि तोंड उघडतं. तोंड उघडं दिसलं की बाबांना वाटतं, मी उत्तर देतोय.

अशा वेळी उतरणाऱ्या एखाद्या आजी हमखास सल्ला देतात, "ऑक्सिजन कमी पडतोय हो तुम्हाला." एकदा मी कोरोनाच्या काळापासून ड्रॉवरमध्ये पडलेला ऑक्सिमीटर खिशात घालून नेला आणि मधल्या टप्प्यावर बोटाला लावला. सत्त्याण्णव! बाबांनी वाकून आकडा पाहिला. "मग थांबलात कशाला?"

खरी गोष्ट अशी की निरोगी माणसाचा ऑक्सिजन एवढ्याशा चढाला सहसा ढळत नाही. मेंदूचं मुख्य लक्ष कार्बन डायऑक्साइडवर असतं. घरात दूध आहे की नाही याची सोसायटीच्या सेक्रेटरींना फिकीर नसते, पण दारात कचऱ्याची पिशवी दिसली की बेल वाजलीच. मेंदूच्या तळाशी बसून श्वास चालवणारी आपली लंबमज्जा त्याच स्वभावाची. त्यातून मांड्यांना झेपेनासं झालं की लॅक्टिक आम्ल तयार होतं, रक्त ते शमवतं आणि त्या शमवण्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बाहेर टाकायला आणखी धाप. कोणाशी बोलायची सोय नाही. श्वास रोखून सभ्य दिसण्याचा प्रयत्नही करून पाहावा, काही सेकंदांत लंबमज्जा सूत्रं काढून घेते आणि दुप्पट आवाजात धाप लागते.

म्हणून थांबायला सबबी लागतात. बुटाची नाडी एका चढात एकदाच सुटू शकते. गुडघ्यांवर हात टेकून वाकणं शास्त्रशुद्ध आहे, कारण खांदे स्थिर झाले की छातीचे आणि मानेचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात, पण बाबा मागे वळून विचारतात, "काही पडलं का?" सर्वांत भारदस्त सबब म्हणजे दूरवर बघत उभं राहणं. तिला ऐतिहासिक आधार आहे. १८१७ मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरूनच पाहिली. फक्त ते वर पोचले होते आणि मी पन्नासाव्या पायरीच्या आसपास असतो.

वर देवदेवेश्वराला नमस्कार केला आणि कट्ट्यावर टेकलो, तरी धाप थांबत नाही. शरीर मागची उधारी फेडत असतं. ती फिटेपर्यंत बाबांनी खिशातून काढलेले शेंगदाणे संपवलेले असतात.

गेल्या रविवारी मात्र मी तयारीनिशी गेलो होतो. श्वास ताळ्यावर आल्यावर बाबांकडे वळून म्हणालो, "बाबा, वयानं फुप्फुसांची ताकद कमीच होते, त्यामुळे तुमची काही माझ्यापेक्षा सरस नाहीत. सरावानं फुप्फुसं फारशी बदलतच नाहीत. बदलतात ते पायांचे स्नायू. तुमचे रोज चढून तयार झालेत, त्यांच्यात आम्ल कमी साठतं, म्हणून त्याच पायऱ्यांना तुम्हाला कमी हवा लागते. आणि चढताना बोलता येणं हीच खरी परीक्षा असते. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन शब्दांवर अडलं, तर जोरकस. तेव्हा तुमचा मध्यम चालू असतो आणि माझा जोरकस. म्हणजे खरा व्यायाम मीच करतो!"

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेंगदाण्याची टरफलं कागदात गुंडाळून खिशात टाकली आणि माकडटोपी सारखी केली.

"एवढं सलग बोललात म्हणजे दम आहे की अजून," ते म्हणाले. "चला, खाली जाऊन परत येऊ."