एकशेवीस धावांचं बजेट

मार्च १९९७. बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर, वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत आपल्याला जिंकायला १२० धावा हव्या होत्या आणि आपण ८१ वर गारद झालो. बार्बाडोसच्या सहलीचं मध्यमवर्गीय बजेट याच चालीने कोसळतं. लक्ष्य किरकोळ दिसतं, दहाच्या दहा विकेटी हातात असतात, आणि पहिला बाउन्सर येतो तो लंडनहून.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. एवढं कळलं की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. पण इथून तिथे थेट विमान नाही, आणि वाटेत जो भेटेल त्याला आपला संशय येतो. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा. लंडनमार्गे जायचं तर ट्रान्झिट व्हिसा, तोही दोन जातींचा: विमानतळाच्या आतच बसून राहणाऱ्याचा वेगळा, इमिग्रेशन ओलांडणाऱ्याचा वेगळा. स्वस्ताईचा मोह नडतो तो इथेच. मुंबई-हीथ्रो एक तिकीट आणि गॅटविक-ब्रिजटाउन दुसरं, अशी जोडाजोडी करून माणूस स्वतःवर खूश होतो. मग लक्षात येतं की हीथ्रोला पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, रीतसर ब्रिटनमध्ये शिरायचं, बसने गॅटविक गाठायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. म्हणजे दुसऱ्या जातीचा व्हिसा आलाच. शिवाय पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी हात वर करायला मोकळी. तेव्हा तिकीट एकाच पीएनआरवर आणि विमान बदलणं एकाच विमानतळावर, हे काढा लिहून. ज्याच्याकडे अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा आहे त्याला ब्रिटनमध्ये ट्रान्झिटची सवलत मिळू शकते. अशा माणसांशी मी हल्ली आदराने बोलतो.

एवढ्यात कुणीतरी काका म्हणतातच, "एवढे लांब जाताच आहात, तर त्रिनिदादही उरकून या." काकांचं काय जातं! पीतज्वराच्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदादला पाय लावून परत यायचं तर लशीचं पिवळं कार्ड हवं, ते टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि लस मिळते फक्त सरकारमान्य केंद्रांवर. कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. काकांना फोटो दाखवायचे ते खिडकीतून.

आता तारखा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थंडीला कंटाळलेले इंग्रज आणि कॅनडावाले बेटावर उतरतात आणि भाडी आकाशाला भिडतात. स्वस्ताई सुरू झाली की महिना-दीड महिन्यात चक्रीवादळांचा मोसमही सुरू होतो, १ जून ते ३० नोव्हेंबर. हे बेट बाकीच्या कॅरिबियन बेटांच्या पूर्वेला सुटं पडल्यामुळे बरीच वादळं त्याला चुकवून जातात. पण २०२४ मध्ये २९ जूनला आपण तिथे विश्वचषक जिंकला आणि पाठोपाठ बेरिल आलं. विमानतळ बंद, आणि जगज्जेते हॉटेलात अडकलेले. त्यांना आणायला खास विमान गेलं. आपल्याला आणायला कुणी येणार नाही, म्हणून मी एप्रिलअखेर ते मे म्हणतो. ऑगस्टचा पहिला सोमवार मात्र टाळा. त्या दिवशी क्रॉप ओव्हर उत्सवाची सांगता असते आणि खोल्या मिळत नाहीत.

खोलीचा दर १२० डॉलर दिसला की पुढची दोन अधिकचिन्हं बघायची. १० टक्के व्हॅट, १० टक्के सेवाशुल्क, झाले १४४, वर खोलीमागे रोजची लेव्ही, म्हणजे आणखी एक कर. आणि डॉलर कुठला हे आधी विचारा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५ पासून पक्का आहे. मेनूकार्डावर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. स्थानिक डॉलरला अमेरिकी समजून अर्ध्या सहलीत उपाशी राहणारी माणसं असतात, आणि उलट समजून जोरात जेवणारीही.

राहायचं दक्षिण किनाऱ्यावर, वर्दिंग किंवा ऑइस्टिन्सच्या बाजूला, छोटं स्वयंपाकघर असलेल्या खोलीत. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेलं कूकू. शाकाहारी माणूस ते ऐकून हरखतो, पण ताटात शेजारी उडता मासा हजर असतो. तेव्हा भात-वरणाची सोय आपली आपण. मात्र इथली किटली नेऊ नका. तिथे वीज ११५ व्होल्ट, म्हणजे इथल्या निम्मी, आणि व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पावपट उरते. हजार वॉटची किटली अडीचशेची होते आणि चार कप पाण्याला पाव तास घेते. नवरा-बायकोत तेवढ्यात बरंच काही होऊ शकतं. मोबाइलच्या चार्जरला काही होत नाही, त्याला फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

बॅगेतून लष्करी छापाची थ्री-फोर्थही काढा. असे कपडे घालायला तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा.

फिरायला बस. भाडं साडेतीन स्थानिक डॉलर, अंतर कितीही असो. निळ्या सरकारी बसमध्ये सुटे मोजून द्यायचे, उरलेले परत मिळत नाहीत. पांढऱ्या, किरमिजी पट्ट्याच्या झेड-आर व्हॅनमध्ये सुटे मिळतात, गाणी कानठळ्या बसवणारी आणि माणसं वडापसारखी कोंबलेली. थांब्यांच्या पाट्या दोनच प्रकारच्या, 'शहराकडे' आणि 'शहराबाहेर'. चुकायला फारसा वाव नाही, तरी लोक चुकतात.

याच साडेतीन डॉलरांत पश्चिम किनारा गाठता येतो. किनारे सगळ्यांसाठी खुले असल्यामुळे महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूत आपला टॉवेल खुशाल अंथरावा. टॉवेल घरचाच, कारण खुर्ची-छत्रीचं भाडं लागतं. ते वाचवायला झाडाखाली सरकलात तर आधी बुंधा बघा. लाल पट्टा असेल तर ते मॅन्चिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं धरतात, ती विषारी, आणि पावसात त्याच्या पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. तिथे छत्रीचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता.