‘घरात वीस वॅट पुष्कळ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला चार-पाच ग्रुपवर आला. त्याचा सारांश असा: घरात ऐकायला 20 वॅट पुष्कळ झाले, वीस-पंचवीस किलोचे अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र, थोडक्यात अ‍ॅम्प) म्हणजे नुसता बडेजाव. जास्त वॅट म्हणजे जास्त आवाज, दुसरं काही नाही. त्यानं स्पीकर जळतात, बिल फुगतं, घराची डॉल्बी होते. आणि आता क्लास डी हा हलक्या अ‍ॅम्पचा प्रकार आलाय, लोखंड कशाला उचलायचं? आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्रानं हे वाचून चांगला चाललेला जड अ‍ॅम्प विकायला काढला, तेव्हा मला राहवलं नाही.

‘20 वॅट पुष्कळ’ यात निम्मं खरं आहे, ते आधी मान्य करतो. माझाच हिशेब मांडतो. माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 84 डेसिबल, म्हणजे 2.83 व्होल्ट दिले की 1 मीटरवर 84 डेसिबल आवाज. स्पीकर 4 ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा), त्यामुळं तेवढ्या व्होल्टला तो 2 वॅट ओढतो. मी बसतो 3 मीटरवर. अंतरानं आवाज घटतो, दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती थोडा भरून काढतात. सगळं धरून खुर्चीपाशी साधारण 80 डेसिबल उरतात. संध्याकाळी निवांत ऐकायचं तर 75 पुरतात, आणि त्याला स्पीकरमागे लागतात 0.63 वॅट. एक वॅटसुद्धा नाही!

मेसेज लिहिणारा इथंच थांबला. पण 0.63 ही सरासरी झाली, आणि गाणं सरासरीत वाजत नाही. न दाबलेल्या, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक तसाच ठेवलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर जाऊ शकते. दर 10 डेसिबलला पॉवर दहापट लागते, म्हणजे 20 ला शंभरपट. 0.63 चे झाले 63 वॅट, तेही क्षणभरासाठी. तो क्षण हुकला तर काय होतं ते मी माझ्या आधीच्या लहान अ‍ॅम्पवर दोन वर्षं ऐकलंय. विलंबित ख्याल चाललाय, तानपुरा मागं झिरपतोय, गायक सरकत सरकत समेवर येतोय, आणि समेवर डग्ग्याचा घुमारा यायच्या जागी कागदावर टिचकी मारल्यासारखा आवाज. व्हॉल्यूम मध्यावरसुद्धा नव्हता. मग एका स्नेह्यांचा 24 किलोचा अ‍ॅम्प दोघांनी मिळून जिन्यावरनं वर आणला, तीच रेकॉर्डिंग, आवाज तेवढाच ठेवला. सम पडली आणि बायको स्वयंपाकघरातनं बाहेर आली, “आता तबला तबल्यासारखा वाजला,” म्हणाली. तिला वॅटशी काही देणंघेणं नाही. पण हे ख्यालगायक अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. देवल क्लबात पुढच्या रांगेत बसून ज्यानं एकदा तबला ऐकलाय, त्याच्या कानाला हा फरक सांगावा लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. तुमच्याकडं 98 डेसिबलचे, 8 ओहमचे हॉर्न (कर्ण्याचे) स्पीकर असतील तर याच 63 वॅटच्या कामाला सव्वा वॅट लागतो. त्यांनी 20 वॅटचा अ‍ॅम्प खुशाल वापरावा. म्हणजे स्पीकर कुठला ते न सांगता ‘20 वॅट पुरे’ म्हणण्यात काही अर्थच नाही.

‘वॅट म्हणजे आवाज’ हा दुसरा घोळ. 16 व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर 2 अ‍ॅम्पिअर करंट घेतो, 4 ओहमचा 4 घेतो, आणि 2 ओहमवर उतरला तर 8. स्पीकरच्या मागं छापलेला ओहम हा ढोबळ आकडा असतो, प्रत्यक्षात तो सुरागणिक हलतो. 4 लिहिलेला स्पीकर बेसमध्ये 3 च्या खाली गेलेला मी मोजलाय. 1980 च्या दशकातला अपोजी सिंटिला तर 1 ओहमच्या आसपास असायचा. असा स्पीकर लावला की अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायचा, म्हणजे त्याला आतून वीज पुरवणाऱ्या भागाचा, कस लागतो.

उद्यमनगरात ज्यानं लेथ चालवलाय त्याला हे लगेच कळेल. मोटर हलकी असली तरी वरवरचा पापुद्रा काढताना मशीन झकास फिरतं. खोल कट घेतला की दबतं, आवाज बदलतो, जॉबवर लाटा उमटतात. अ‍ॅम्पचं वजन येतं ते ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकमधनं, आणि खोल कट घ्यायची ताकद तिथंच असते. क्रेल कंपनीचा केएसए-50 नावाला 50 वॅटचा, पण 8 ओहमला 50, 4 ला 100 आणि 2 ला 200. तुमच्या अ‍ॅम्पचा 4 ओहमचा आकडा 8 ओहमच्या जेमतेम सव्वापट असेल तर सप्लाय कुठंतरी दमतोय.

‘लहान स्पीकरला लहान अ‍ॅम्प’ हेही त्याच मेसेजच्या शेपटाला होतं. लहान पेटी, खोल बेस आणि चांगली सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोनच निवडता येतात. हॉफमन यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. लहान बुकशेल्फ स्पीकरमधनं बेस हवा असेल तर त्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागते.

‘मोठ्या अ‍ॅम्पनं स्पीकर जळतात.’ भाच्याकडं वाढदिवसाला 25 वॅटच्या अ‍ॅम्पवर ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) गेला. “मामा, स्पीकर तर 100 वॅटचा आहे!” उघडून बघितलं तर कॉइल काळी पडलेली, केसासारखी तार तुटलेली. अ‍ॅम्प त्याच्या कुवतीपलीकडं ताणला की लाटेचा माथा कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यातनं मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. शिवाय बेस माथ्याला अडकून बसतो आणि वरचे सूर मात्र वाढतच राहतात. हा सगळा भार ट्वीटरवर, आणि ट्वीटरला सतत झेपतात थोडेसेच वॅट. व्हॉल्यूम पिळला तर मोठा अ‍ॅम्पही स्पीकर घालवतो, यात शंका नाही. पण घरच्या आवाजाला तो क्लिपिंगपर्यंत जातच नाही.

क्लास डीबद्दल मेसेजवाला बऱ्याच अंशी बरोबर आहे. 50 हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर मोठा असावाच लागतो, क्लास डीत सहसा असणारा, हजारो हर्ट्झवर चालणारा सप्लाय लहान होतो. चांगला क्लास डी अ‍ॅम्प तीन-चार किलोत 4 ओहमला दोनशे वॅट देतो आणि अवघड स्पीकर सांभाळतो. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. पण बाजारात मिळतो तो तळहाताएवढा डबा वेगळा. परवा एकानं दाखवला: वर ‘100+100 वॅट’, सोबतच्या अ‍ॅडॅप्टरवर 24 व्होल्ट, 4.5 अ‍ॅम्पिअर. गुणाकार करा, 108. दोन्ही चॅनेल मिळून सतत तेवढेही निघणार नाहीत. आणि 24 व्होल्टवर 8 ओहमला एका चॅनेलला फार तर 36 वॅट. टेपरेकॉर्डरवरचा ‘पीएमपीओ’ हा फुगवलेला वॅटचा आकडा आठवतोय ना, तोच प्रकार.

बिलाचं सांगायचं तर नेहमीचा क्लास एबी अ‍ॅम्प घरच्या आवाजाला 80 वॅटच्या आसपास घेतो, जुन्या पंख्याएवढे. रोज तीन तास धरले तर महिन्याला 7 युनिट. क्लास ए प्रकारचा अ‍ॅम्प मात्र गप्प असतानाही अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीएवढं खाऊ शकतो, तिथं तक्रार रास्त आहे.

आणि डॉल्बी? विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या भिंती आणि दिवाणखान्यातला 75 डेसिबलचा ख्याल यांना एका तागडीत घालू नका. त्या भिंतींनी छातीत धडधडतं, म्हाताऱ्यांना त्रास होतो, माझाही त्याला विरोधच आहे. रहिवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आमच्याकडं साडेनऊला गाणं बंद होतं.

तो मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर वर एवढं जोडा: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती, सर्वांत कमी ओहम किती, तुम्ही किती लांब बसता. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत राजारामपुरीतल्या त्या मित्राला मी अ‍ॅम्प विकू देणार नाही. त्याचे स्पीकर 83 डेसिबलचे आहेत.